घड्याळ आले, दोरी आली

जुलै १९५२, हेलसिंकी. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ५७ किलो गटात जपानच्या शोहाची इशीशी झुंजले. कुस्ती पंधरा मिनिटांवर चालली आणि खाशाबा हरले. अंगावरचा घाम वाळायच्या आत पुढचे नाव पुकारले गेले, सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवचे. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असा नियम होता. तो पंचांना ऐकवायला भारतीय पथकातला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता, असे आजवर सांगितले जाते. दमलेले खाशाबा तीही कुस्ती हरले. तरी कांस्यपदक त्यांनाच मिळाले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक कऱ्हाड तालुक्यात आले.

डावांच्या गोष्टी सगळे सांगतात. दमाची गोष्ट कुणी फारशी सांगत नाही.

खरे तर सातारा-सांगलीच्या तालमीत वस्ताद पठ्ठ्याचे दंड नंतर बघतो, दम आधी. पहाटे उठून जोर आणि बैठका, त्याही शेकड्याने. मग सपाटे. मग हौद्यातली लाल माती खणायची, उकरायची, पुन्हा सपाट करायची. तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मुरलेली ती माती ओली आणि जड असते. तिच्यात फावडे चालवणे हाच मोठा व्यायाम. काही ठिकाणी छताला टांगलेला दोर असतो, तो नुसत्या हातांनी चढायचा. एवढी मेहनत झाल्यावर लढंत, आणि लढंतीत एक दमला की दुसरा ताजा जोडीदार अंगावर घ्यायचा. या सगळ्यात उडी मारायची दोरी कुठेच नव्हती. तिची गरजही नव्हती, कारण जत्रेतली कुस्ती निकाली असायची. पाठ मातीला लागेपर्यंत ती चाले. नुसत्या खडाखडीतच प्रेक्षक कंटाळून जात, आणि कधी कधी अंधार पडला म्हणून बरोबरीत सोडवावी लागे. अशा कुस्तीला लागतो तो मंद आचेवरचा दम. हजार बैठका मारणारा माणूस तो कमावतो.

याच मुलखात दमाचा दुसरा प्रयोग राजवाड्यात चालला होता. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी गादीवर येण्याआधीपासून व्यायामवेडे. १८९७ मध्ये त्यांनी शरीरसौष्ठवपटू युजेन सँडोची उपकरणे आणि पुस्तके मागवली आणि जवळजवळ दहा वर्षे त्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. पुढे मिरजेचे संस्थानिक गंगाधरराव पटवर्धन यांनी सूर्यनमस्कारांचा आग्रह धरला, आणि १९०८ पासून बाळासाहेबांनी सँडोला रजा दिली ती कायमची. १९०९ मध्ये राज्य हाती आल्यावर त्यांनी संस्थानच्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले. औंध संस्थान तुकड्यातुकड्यांनी पसरलेले होते. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर कुंडल आणि आटपाडी सांगलीत. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांतली पोरे एकाच हुकमाने घाम गाळत होती. १९३८ मध्ये लंडनच्या प्रकाशकाने बाळासाहेबांचे पुस्तक काढले आणि औंधचे नमस्कार साहेबाच्या दिवाणखान्यात पोचले. राजाचा हट्ट म्हणून त्या काळी या सक्तीला हसणारेही असतील. पण कमी जागा, जोडीदार नको, साधन नको आणि श्वासावर ताबा हवा, हे नमस्काराचे गुण त्याने अचूक हेरले होते. आज दोरीची शिफारस करणारे प्रशिक्षक जवळपास हेच गुण सांगतात.

सांगली जिल्हा तेव्हा स्वतंत्र नव्हताच. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. शिराळ्याकडच्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठे पिरानचे मारुती माने हे या भागाचे दोन हिंदकेसरी. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतून दोघेही पदके घेऊन परतले. मातीवर घडलेले हे गडी तिथे गादीवर आणि घड्याळाशी लढले.

घड्याळाने दमाची जातच बदलली. आंतरराष्ट्रीय कुस्ती आता तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये ३० सेकंदांची उसंत. एवढ्या वेळात गुण मिळवायचे तर सहा मिनिटे पाय हलते हवेत, हल्ला परतवून लगेच हल्ला चढवता आला पाहिजे. मुष्टियुद्धातल्या फेऱ्याही तीन मिनिटांच्याच, आणि मुष्टियोद्धे कित्येक पिढ्यांपासून दोरी फिरवत आले आहेत. तीन मिनिटे उड्या, अर्धा मिनिट थांबणे, पुन्हा तीन मिनिटे: कुस्तीचे वेळापत्रकच दोरीवर बसवता येते. पोटऱ्या आणि घोटे तयार होतात, मनगटे कामाला लागतात, पाय टाचेवरून चवड्यावर येतात.

हौद्यात मात्र दोरी फिरत नाही. मऊ मातीत ती रुतते, पायही रुततात. तिला कठीण, सपाट जमीन लागते. त्यामुळे ती तालमीत शिरली ती गादीच्या हॉलमधून, आणि जोर-बैठकांना न हटवता त्यांच्या शेजारी उभी राहिली. तसे तिला राहावेच लागते. महाराष्ट्र केसरीत माती विभागाचा आणि गादी विभागाचा विजेता शेवटी एकमेकांना भिडतात, तेव्हा गदा हवी असेल त्याला दोन्ही प्रकारचा दम कमवावा लागतो. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात झालेल्या स्पर्धेत कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटलांनी ती गदा उचलली.

दोरीवरच्या उड्या हा आपल्याकडे अंगणातल्या मुलींचा खेळ. बाप्यांच्या तालमीला त्याचे वावडे असावे, असा संशय घ्यायला जागा आहे. त्या मुलींसाठीही तालमीची दारे उशिराच उघडली. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा भरली ती मार्च २०२३ मध्ये, सांगलीत. आणि अंतिम फेरीत कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून ती जिंकली सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने.