अवर्षणातही तग धरणारे लॅव्हेंडर : ओळख, गुणधर्म आणि मर्यादा

साबण, अत्तरे आणि औषधी तेलांमुळे जगभर परिचित असलेले लॅव्हेंडर ही तुळस, पुदिना व सब्जा यांच्याच कुळातील वनस्पती आहे. या प्रजातीसमूहात चाळीसहून अधिक जाती असून त्यांचा नैसर्गिक विस्तार अटलांटिक महासागरातील बेटांपासून भारतापर्यंत आहे. त्यांपैकी लॅव्हेंडुला अँगुस्टिफोलिया ही जाती तेलाचा दर्जा आणि पाण्याच्या टंचाईत टिकून राहण्याची क्षमता या दोन कारणांनी सर्वाधिक महत्त्वाची मानली जाते. फिलिप मिलर या ब्रिटिश उद्यानशास्त्रज्ञाने १७६८ मध्ये तिला हे शास्त्रीय नाव दिले. व्यवहारात ती 'इंग्रजी लॅव्हेंडर' म्हणून ओळखली जात असली, तरी तिचे मूळ स्थान इंग्लंड नव्हे, तर भूमध्य सागराच्या पश्चिमेकडील स्पेन, फ्रान्स व इटली येथील डोंगराळ प्रदेश हे आहे.

हे बहुवर्षायू, सदाहरित झुडूप साधारणतः दोन ते तीन फूट उंच वाढते. बुंध्याकडचा भाग काष्ठमय असतो. पाने अरुंद, दोन ते सहा सेंटिमीटर लांब व करड्या-हिरव्या रंगाची असतात. उन्हाळ्यात पर्णहीन दांड्यांच्या टोकाला तुळशीच्या मंजिरीसारखे जांभळे तुरे येतात. सुगंधी तेल मुख्यत्वे या तुऱ्यांवरील सूक्ष्म ग्रंथींमध्ये साठलेले असते. लिनॅलिल ॲसिटेट व लिनॅलूल हे या तेलाचे प्रमुख घटक होत. फ्रान्समध्ये मोठ्या प्रमाणावर घेतले जाणारे लॅव्हँडिन हा याच जातीचा दुसऱ्या एका जातीशी झालेला संकर आहे. त्याचे तेल अधिक मिळते; मात्र त्यात कापराचा अंश जास्त असल्याने उंची अत्तरांसाठी मूळ जातीच्या तेलालाच पसंती दिली जाते.

अवर्षण सहन करण्याचे सामर्थ्य या वनस्पतीला तिच्या रचनेतून लाभले आहे. पान अरुंद व कडांशी आत वळलेले असल्याने बाष्पीभवनासाठी उघडा राहणारा पृष्ठभाग कमी होतो. पानांवरील दाट, फांद्याफांद्यांची लव सूर्यप्रकाश परावर्तित करते आणि पर्णरंध्रांजवळची हवा स्थिर ठेवून पाण्याचा ऱ्हास रोखते. पानांचा रुपेरी रंग याच लवेमुळे दिसतो. काष्ठमय मुळे खडकाळ जमिनीतील फटींतून खोलवर जाऊन तेथील ओलावा शोषून घेतात. उग्र वासामुळे गुरे व वन्य प्राणीही सहसा या झुडपाच्या वाटेला जात नाहीत.

तथापि, अवर्षण सहन करणे म्हणजे पाण्यावाचून जगणे नव्हे. लागवडीनंतर पहिले वर्षभर, मुळे स्थिरावेपर्यंत, रोपांना नियमित पाणी द्यावे लागते. त्यानंतर मात्र पाण्याच्या कमतरतेपेक्षा त्याचा अतिरेकच अधिक घातक ठरतो. पाणी साचून राहिल्यास मूळकूज होऊन झाड अल्पावधीतच मरते. निचरा होणारी, हलकी, चुनखडीयुक्त जमीन, भरपूर सूर्यप्रकाश व थंड हिवाळा या तिच्या प्रमुख गरजा आहेत.

भारतात या गरजा हिमालयाच्या उतारांवर पूर्ण होतात. जम्मू-काश्मीरच्या डोडा जिल्ह्यातील भद्रवाह परिसर हे त्याचे ठळक उदाहरण होय. तेथील कोरडवाहू उतारांवर मक्याचे पीक घेतले जात असे. परंतु त्यातून मिळणारे उत्पन्न अत्यल्प होते. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने २०१६ मध्ये सुरू केलेल्या अरोमा मोहिमेअंतर्गत, जम्मू येथील भारतीय एकात्मिक औषधी संस्थेने प्रथमच लागवड करणाऱ्या शेतकऱ्यांना लॅव्हेंडरची रोपे विनामूल्य दिली, तसेच तेल काढण्यासाठी ऊर्ध्वपातन संयंत्रांची सोय केली. एकदा लावलेले झुडूप अनेक वर्षे उत्पन्न देत असल्याने दरवर्षी नांगरणी व पेरणीचा खर्च वाचतो. या बदलाला 'जांभळी क्रांती' असे नाव मिळाले. मोहिमेचा दुसरा टप्पा २०२१ मध्ये जाहीर झाला, तर २०२२ मध्ये भद्रवाह येथे पहिला लॅव्हेंडर महोत्सव भरविण्यात आला.

या यशामुळे इतर राज्यांतील शेतकऱ्यांमध्येही कुतूहल निर्माण होणे स्वाभाविक आहे. मात्र केवळ 'कमी पाण्याचे पीक' या निकषावर लागवडीचा निर्णय घेणे धोक्याचे ठरू शकते. महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त भागांत वार्षिक पाऊस कमी असला, तरी तो पावसाळ्याच्या चार महिन्यांत एकवटलेला असतो. पाणी धरून ठेवणारी काळी जमीन, दमट उष्मा आणि सौम्य हिवाळा या तिन्ही बाबी या जातीला प्रतिकूल आहेत. रोपे खरेदी करण्यापूर्वी जमिनीचा निचरा, हिवाळ्यातील तापमान आणि जवळपास ऊर्ध्वपातनाची सोय आहे किंवा नाही, याची खातरजमा करणे आवश्यक आहे. तुरे कापल्यानंतर तेल लवकर काढावे लागत असल्यामुळे ही शेवटची अट विशेष महत्त्वाची आहे.

विशेष म्हणजे दख्खनच्या पठाराला लॅव्हेंडर अगदीच परके नाही. लॅव्हेंडुला बायपिनाटा ही जाती येथील माळरानांवर आपोआप उगवते. लॅव्हेंडुला गिब्सोनी ही दुसरी जाती पश्चिम घाटात आढळते. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक आणि पुण्याजवळील दापोडी येथील वनस्पती उद्यानाचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांच्या सन्मानार्थ तिला हे नाव देण्यात आले. या जाती पावसाळ्याशी जुळवून घेतलेल्या आहेत. परंतु अत्तर-उद्योगात वापरले जाणारे तेल त्यांच्यापासून काढले जात नाही. एकाच प्रजातीसमूहातील वनस्पतींना कोरडेपणाला तोंड देण्याचे निरनिराळे मार्ग सापडले आहेत आणि प्रत्येक मार्ग आपापल्या भूमीशी व ऋतुमानाशी बांधलेला आहे, हेच यावरून स्पष्ट होते.