जिभेखालचा औषधमार्ग

औषध न गिळता जिभेखाली विरघळू देऊन रक्तात पोहोचवण्याची पद्धत. गिळलेले औषध आतड्यातून आधी यकृतात जाते आणि हृदयशूळावरच्या नायट्रोग्लिसरीन या औषधाचा बहुतांश भाग तिथेच निष्प्रभ होतो. जिभेखालच्या पातळ अस्तरातून मात्र ते थेट शिरांमध्ये उतरते; काही मिनिटांतच हृदयशूळ कमी होऊ लागतो. लंडनचे डॉक्टर विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये ‘लॅन्सेट’मधून या दुखण्यावरील नायट्रोग्लिसरीनचा उपयोग मांडला. भारतात त्यासाठी आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटची, म्हणजे ‘सॉर्बिट्रेट’ची, गोळी अधिक परिचित आहे. गोळी ठेवताना रुग्णाने बसलेच पाहिजे, कारण रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. हे घरच्यांनाही आवर्जून सांगायला हवे. इन्सुलिनसारखे मोठे रेणू हे अस्तर सहज ओलांडत नाहीत, म्हणून ते बहुधा त्वचेखाली टोचतात.