‘देव अगम्य’ या भूमिकेची कुळकथा

अडचणीचा प्रश्न आला की ‘हे दैवी रहस्य आहे’ असे उत्तर अनेकदा ऐकू येते. त्यामुळे ख्रिस्ती परंपरेतली ‘देव अगम्य’ ही भूमिका वाद टाळण्यासाठीच निघाली असावी, असा समज होतो. प्रत्यक्षात ती चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात, एका कडाक्याच्या वादातून घडली. तिचा रोख देवाबद्दल सगळे कळले असे म्हणणाऱ्यांवर होता. सिझिकसचा बिशप युनोमियस हा त्यांच्यातला कसलेला वादपटू. पिता अजन्मा आहे आणि अजन्मेपण हेच देवाचे संपूर्ण स्वरूप, असा त्याचा सिद्धांत. मग जन्मलेला पुत्र, म्हणजे येशू ख्रिस्त, देव कसा?

कप्पदुकिया प्रांतातल्या बेसिलने सुमारे 364 मध्ये त्याचे खंडन लिहिले: ‘अजन्मा’ म्हटल्याने देव काय नाही एवढेच कळते, तो काय आहे ते कळत नाही. बेसिलच्या मृत्यूनंतर त्याचा भाऊ, निस्साचा ग्रेगरी, याने 380 च्या सुमारास वाद पुढे नेला. ग्रेगरीचा एक युक्तिवाद मला फार मोलाचा वाटतो. देवाचे स्वरूप जाणल्याचा दावा करणाऱ्याला तो आधी मुंगीबद्दल विचारतो: ती श्वासावर जगते का, तिच्या शरीराला हाडांचा आधार आहे का? पायाखालच्या जिवाची रचना सांगता येत नसेल, तर निर्मात्याचे स्वरूप सांगण्याचा आव का आणावा? यामागे विचार आहे तो अनंताचा. देव अनंत असेल तर त्याला जाणण्याची वाट संपणारच नाही. सिनाय पर्वतावर मोशे गडद अंधारात शिरतो, त्या प्रसंगाचा अर्थही ग्रेगरी असाच लावतो. तिथे जाणणे थांबत नाही, उलट पुढच्या पायरीवर जाते.

मग ज्याला ओळखत नाही त्याची उपासना कशी करता, असा सवाल विरोधकांनी तेव्हाच टाकला होता. बेसिलचे उत्तर असे की देवाला आपण त्याच्या करणीवरून ओळखतो, त्याचे अंतःस्वरूप गाठल्याचा दावा करत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे सारे ग्रीक तत्त्वज्ञानातून उसने घेतलेले. पौलाचा अथेन्समधला शिष्य डायोनिसियस याच्या नावावर शतकानुशतके गाजलेले ग्रंथ 485 मध्ये वारलेल्या ग्रीक तत्त्वज्ञ प्रोक्लसच्या लिखाणावर उभे आहेत, हे 1895 मध्ये दोन जर्मन अभ्यासकांनी दाखवून दिले. पण कप्पदुकियातला वाद प्रोक्लसच्या शतकभर आधीचा. ग्रीक तत्त्वज्ञ प्लोटिनस त्या वादाहून जुना, आणि या भावांची परिभाषा त्यांचे ग्रीक शिक्षण लपवत नाही, हेही खरे. तरी त्यांची निकड वेगळी होती. त्यांना पुत्राचे देवत्व राखायचे होते.

‘रहस्य’ म्हणून प्रश्नकर्त्याला गप्प बसवले गेले, हा तिसरा आक्षेप मान्य करायलाच हवा. पण तसे करणे याच परंपरेच्या विरुद्ध जाते. चर्चच्या 1215 च्या लॅटरन परिषदेने ठरवले की निर्माता आणि सृष्टी यांच्यात कितीही साम्य दाखवले, तरी भेद त्याहून मोठाच राहतो. हा नियम धर्माधिकाऱ्यांच्या विधानांनाही लागू पडतो. त्याच शतकात थॉमस अक्विनासने देव काय नाही एवढेच आपण जाणू शकतो असे लिहिले, आणि त्याच ग्रंथात पाचशेहून अधिक प्रश्न घेतले, उत्तराआधी विरोधी आक्षेप स्वतःच मांडून.