एकच माप: बायबलांतील कठीण स्थळें आणि मराठी वादविवाद

महाबळेश्वरावरून उतरणारी सावित्री पोलादपूर आणि महाड यांवरून वाहत जाऊन बाणकोटच्या खाडींत समुद्रास मिळते. याच खाडीच्या मुखाशीं १८२३ सालीं स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड डोनल्ड मिचेल येऊन राहिले, आणि तें साल सरण्यापूर्वींच वारले. त्यांच्या मागून आलेल्या सहकाऱ्यांनीं बाणकोट व हर्णे येथें मराठी शाळा चालविल्या. १८२९ सालीं मुंबईस उतरलेल्या जॉन विल्सन यांनींही मराठीचे पहिले धडे याच किनाऱ्यावर गिरविले.

या मंडळींचा पंथ इव्हँजेलिकल, म्हणजे शुभवर्तमानास सर्वस्व मानणारा. बायबल हेंच अंतिम प्रमाण, मनुष्यमात्र पापी, ख्रिस्ताचें मरण हेंच त्या पापाचें प्रायश्चित्त, आणि तारण कर्मानें नव्हे, श्रद्धेनें, हे त्याचे चार खांब. शास्त्रांतील दुर्बोध स्थळांचा अर्थ कसा लावावा, याचा नियमही ठरलेला होता. स्कॉटलंडच्या चर्चनें १६४७ सालीं स्वीकारलेल्या वेस्टमिन्स्टरच्या श्रद्धाघोषणेंत तो आहे: शास्त्राचा अर्थ शास्त्रानेंच लावावा, एक वचन संदिग्ध असेल, तर जें अधिक स्पष्ट बोलतें त्याच्या प्रकाशांत तें वाचावें.

उदाहरणार्थ, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय घ्यावा. शौलास राजा केल्याबद्दल देवास अनुताप झाला, असें तेथें सांगितलें आहे; आणि देव कांहीं मनुष्य नव्हे, तो अनुताप करीत नाहीं, असेंही त्याच अध्यायांत आहे. सर्वज्ञास पश्चात्ताप कसा? टीकाकार सांगतात कीं, दुसरें वचन देवाचें स्वरूप वर्णितें. पहिलें, शौल बदलल्यामुळें देवाच्या वर्तनांत झालेला पालट मनुष्याच्या भाषेंत सांगतें.

उत्तर सुबक खरें. पण समोर हिंदु पंडित असला म्हणजे तेवढ्यानें भागत नसे. १८३१ सालीं मोरभट दांडेकर यांनीं मुंबईंत विल्सन यांच्याशीं जाहीर वाद केला आणि ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हा ग्रंथ लिहिला. विल्सन यांनीं १८३२ सालीं पुस्तकानेंच त्यास उत्तर दिलें. पुराणांतील देवांच्या लीला शब्दशः घेऊन पाद्री त्यांवर कोरडे ओढीत. मग बायबलांतील देवाच्या अनुतापास तेवढा अलंकार म्हणण्याची मुभा कशी, हा प्रश्न अशा वादांच्या मुळाशीं असे. इव्हँजेलिकल उत्तर असें कीं, लाक्षणिक अर्थ सोयीप्रमाणें घ्यावयाचा नाहीं. व्याकरण, पूर्वापर संदर्भ आणि ग्रंथकाराचा हेतु यांनीं भाग पाडलें तरच घ्यावयाचा. उत्तर समर्थ आहे. मात्र तेंच माप पुराणांसही लावलें पाहिजे, ही त्याची किंमत आहे.

याहून जड प्रश्न पूर्वजांचा. ख्रिस्ताचें नांवही कानीं न पडतां जे गेले, त्यांची गति काय? सावित्रीकांठच्या गृहस्थास हा तर्काचा खेळ नव्हता. ज्यांचें श्राद्ध तो दरसाल करीत असे, त्या आजापणजांचा हा प्रश्न होता. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय सांगतो कीं, ज्यांस नियमशास्त्र मिळालें नाहीं त्यांच्या अंतःकरणावर त्याचा आशय लिहिलेला असतो. तिसरा अध्याय सांगतो कीं, सर्वांनींच पाप केलें आहे. स्पष्ट वचनानें दुर्बोध वचन उलगडावें हें ठीक. पण यांतलें स्पष्ट कोणतें? ख्रिस्तावांचून तारण नाहीं असें कोणी निक्षून म्हणत. कोणी या जीवांचा निवाडा देवाच्या न्यायावर सोपवीत. इव्हँजेलिकल पंडितांतच याविषयीं एकमत नव्हतें, आणि आजही नाहीं.

पुढें कुलाबा जिल्ह्यांत मोडलेल्या आणि आतां महाड-पोलादपुराप्रमाणेंच रायगड जिल्ह्यांत असलेल्या शिरवली गांवीं १८२५ सालीं विष्णु भिकाजी गोखले यांचा जन्म झाला. सरकारी जकातखात्यांतील नोकरी सोडून, सप्तशृंगीच्या डोंगरावर तप करून ते विष्णुबावा ब्रह्मचारी झाले. १८५७ च्या जानेवारीच्या १५ तारखेपासून मे महिन्याच्या २८ तारखेपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचे व मिशनऱ्यांचे जाहीर वाद चालले. प्रतिपक्षांतील जॉर्ज बोवेन हे अमेरिकन गृहस्थ पूर्वायुष्यांत स्वतःच नास्तिक होते. १८४४ सालीं ते श्रद्धेकडे वळले होते. वादांचा वृत्तांत त्यांनींच छापला, म्हणून तो एका पक्षाच्या लेखणींतून उतरलेला आहे, हें वाचकानें विसरूं नये.

त्या वाळूवर कोणी जिंकलें, हें दोन्ही बाजूंचे अनुयायी आपापल्या परीनें सांगत राहिले. परंतु बावांनाही १८५९ सालीं ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ लिहून खरा वेदोक्त धर्म कोणता, हें मांडावें लागलें. आणि ख्रिस्ती पक्षांत बाबा पदमनजी यांनीं नव्या करारावर मराठींत टीका लिहिली. दुसऱ्याच्या शास्त्रास जें माप लावावयाचें तेंच आपल्या शास्त्रास लावणें, ही कसोटी दोघांपुढेंही होती. तींतून जो पूर्णपणें उतरला असा पक्ष दाखविणें कठीण आहे; पण ती कसोटी मराठी माणसांपुढें मराठींत मांडली गेली, हें त्या वादांचें खरें फळ होय.