आजीची जपमाळ

माझी आजी वसईची, शाळेत न गेलेली. पहाटे भाजीची पाटी घेऊन मुंबईला जायची. संध्याकाळी घरात जपमाळ चुकायची नाही. तेव्हा चर्चमध्ये मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. अर्थ कळत नसे, तरी आजी भक्तीने गुडघे टेकायची. 1962 ते 1965 या काळात रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली, लोकभाषेतल्या उपासनेला वाट मिळाली आणि मिस्सा मराठीत आली. आजी म्हणायची, "आता देवाशी काय बोलते ते मलाही कळतं."

पण वाडीच्या हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतला, तेव्हा ते कुणी वाचून दाखवलं नाही. म्हणून आमच्या गटात प्रत्येक कागद आधी मोठ्याने वाचतो, मगच सही. तुम्हीही वाचा, बायांनो.