मृत्पात्री, हातघडणीची

चाक किंवा साचा न वापरता, निव्वळ हाताने आणि थापी, लाटणे, सुरी, तार अशा साध्या साधनांनी ओल्या मातीला आकार देऊन, वाळवून भाजलेली भांडी व वस्तू. गोळ्यात अंगठा रोवून चिमटीने भिंत वर चढवणे, मातीच्या वळ्या एकावर एक रचून सांधणे आणि लाटलेल्या मातीचे तुकडे कापून जोडणे, या हातघडणीच्या तीन मुख्य पद्धती. कार्यशाळांमधून त्यांना पिंचिंग, कॉइलिंग आणि स्लॅब याच नावांनी ओळखतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत नवशिक्यांसाठी भरणाऱ्या कार्यशाळांची सुरुवात अनेकदा हातघडणीने होते, आणि खरी कला चाकावरची, ही फक्त तिची पूर्वतयारी, असे शिकणारा धरून चालतो. या समजुतीला इतिहासात आधार नाही आणि मातीच्या स्वभावातही नाही. हातघडणी ही पूर्ण वाढ झालेली स्वतंत्र पद्धत आहे, आणि मातीकामातले सगळे मूलभूत प्रश्न तिच्यात उघड्यावर येतात म्हणून नवशिक्याने तिच्यापासून सुरुवात करणे योग्य ठरते.

माती भाजून टिकाऊ वस्तू करण्याची विद्या चाकापेक्षा कितीतरी जुनी आहे. चेकियातील डोल्नी व्हेस्टोनित्से येथे १९२५ मध्ये सापडलेली भाजलेल्या मातीची स्त्रीमूर्ती २५,००० वर्षांहून अधिक जुनी आहे. चीनमधील शियानरेनदोंग गुहेतल्या खापरांचे वय सुमारे २०,००० वर्षे असल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. कुंभाराचे चाक मेसोपोटेमियात दिसू लागते ते इ. स. पू. चौथ्या सहस्रकात, म्हणजे मृत्पात्रीच्या इतिहासाचा फार मोठा भाग चाकाविना गेला. यावर सहज सुचणारा आक्षेप असा, की चाक नव्हते तोवर माणसाने हातावर भागवले, चाक आल्यावर हातघडणी मागे पडायला हवी होती. पण तसे झालेले नाही. जपानमध्ये चाक अनेक शतके रुळल्यानंतर, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, चोजिरो या कारागिराने चहागुरू सेन नो रिक्यू यांच्यासाठी राकू वाडगे हाताने घडवले. दोन्ही तळव्यांत नीट बसणारा आकार आणि चहाची ऊब हळूहळू हाताला देणारी भिंत त्यांना हवी होती. नायजेरियातील तेव्हाच्या अबुजा (आताच्या सुलेजा) येथे ब्रिटिश कुंभार मायकेल कार्ड्यू यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मृत्पात्री केंद्र काढले, त्यात चाक शिकवले जाई. तिथे आलेली लादी क्वाली चाकही शिकली, पण तिचे नाव जगभर झाले ते वळ्यांनी उभारलेल्या, अंगावर सरडे आणि मासे कोरलेल्या घागरींमुळे. आज तिचे चित्र नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेवर आहे. चाक हाताशी असूनही हातघडणी निवडली गेल्याची अशी उदाहरणे असताना तिला चाकाच्या आधीची अवस्था म्हणता येत नाही.

आपल्याकडचा पुरावा तर आणखी बोलका आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीची चाकावरची, पातळ आणि खणखणीत वाजणारी भांडी मिळाली. त्याच वस्तीत एका प्रौढ पुरुषाचे दफन ज्यात केले होते तो चार पायांचा, कच्च्या मातीचा मोठा रांजणही मिळाला. तसला आकार चाकावरून निघूच शकत नाही. एकाच समाजाने कामाप्रमाणे पद्धत निवडलेली इथे दिसते. मणिपूरमध्ये लोंगपी गावचे तांगखुल कारागीर सर्पेंटाइन दगडाची पूड मातीत मिसळून काळी भांडी घडवतात. चाक त्यांच्या कामात नाही आणि भांडी थेट विस्तवावर चालतात. त्याच राज्यातील थोंगजाओच्या नीलमणी देवी यांना हाताने घडवलेल्या भांड्यांसाठी २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि ज्याला आपण निखळ चाकावरचे काम समजतो तो माठही पुरता चाकावर होत नाही. कुंभार चाकावरून गळा आणि जाड भिंतीचा कच्चा घाट तेवढा उतरवतो. माती थोडी आवळली की आतून दगडी गोळा धरून बाहेरून थापीने ठोकत ठोकत त्याचे पोट फुगवतो आणि तळ गोल करतो. भिंतीची जाडी कुठे किती राहिली हे त्याला थापीच्या आवाजावरून आणि गोळ्यावर आलेल्या हादऱ्यावरून कळते. व्हॅलेंटिन रू आणि मारी-आग्नेस कूर्ती या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की प्राचीन पश्चिम आशियातली चाकावरची समजली जाणारी कित्येक भांडी मुळात वळ्यांनी उभारून नंतर चाकावर फक्त सारखी केलेली आहेत. चाक आणि हात यांच्यातली रेषा आपण समजतो तितकी ठळक कधीच नव्हती.

या रेषेचा एक दुष्परिणाम सांगितलाच पाहिजे. भारतातल्या बहुतेक कुंभार समाजांत बायकांनी चाकाला हात लावू नये असा दंडक होता. माती तुडवणे, मळणे, चुली घडवणे, भांडी रंगवणे ही कामे त्यांच्याकडे. कुंभारकाम म्हणजे चाक असे एकदा ठरवले की हे सगळे श्रम आणि ज्ञान ‘मदत’ या सदरात जाते. मणिपूरच्या आंद्रो आणि थोंगजाओ या गावांतल्या, हाताने भांडी घडवणाऱ्या बायका पुराव्यादाखल समोर असताना हे फार अन्यायाचे आहे.

आता शिकण्याचा मुद्दा. चाकावर नवशिक्याचे सारे लक्ष गोळा मध्यावर आणण्यात जाते. तो डगमगला की पुढचे काही उरत नाही, आणि पहिल्या दिवशी घरी नेलेला वाडगा बरेचदा शिकवणाऱ्याच्या हातांनी सावरलेला असतो. रू आणि कॉर्बेटा यांनी १९८९ मध्ये भारतीय कुंभारांचा अभ्यास करून चाकावरचे पूर्ण कौशल्य यायला साधारण दहा वर्षे लागतात असे नोंदवले. हातघडणीत मात्र पहिल्या तासातच मातीशी थेट गाठ पडते. लिंबाहून थोडा मोठा गोळा तळहातावर घेऊन त्यात अंगठा रोवावा, तळाशी बोटभरापेक्षा कमी जाडी राहिली की थांबावे, आणि मग गोळा फिरवत चिमटीने भिंत वर न्यावी. पाच-सहा फेऱ्यांत काठाला बारीक चिरा दिसतात, कारण हाताच्या उबेने माती कोरडी पडत असते. पाण्याचा हात फिरवावा असे वाटते, आणि तिथेच पहिला धडा मिळतो: जास्त पाणी घातले की भिंत मऊ पडून बसते. काठ ओल्या बोटाने नुसता दाबून घ्यायचा आणि वाडगा थोडा वेळ पालथा ठेवायचा. माती कधी ऐकते आणि कधी ऐकत नाही हे कळणे म्हणजेच मातीकाम, आणि ते या एका वाडग्यात सुरू होते.

कपाला कान लावताना दुसरा धडा मिळतो. बहुतेक माती वाळताना आणि भाजताना मिळून दहा-बारा टक्के आकसते. कप वाळत आलेला आणि कान ओला असेल, तर कान जास्त आकसतो आणि सांध्यात तडा जातो. म्हणून दोन्ही भाग सारख्या ओलीचे हवेत, जोडाच्या जागा काट्याने खरवडून त्यांवर त्याच मातीचा पातळ चिखल लावायला हवा, आणि जोडलेली वस्तू प्लास्टिकखाली झाकून सावकाश वाळवायला हवी. भट्टीत भांडे फुटले की दोष हवेच्या बुडबुड्यावर टाकण्याची रीत आहे. ती चूक आहे. कोरड्या मातीच्या छिद्रांतून हवा निघून जाते. भांडे फोडते ती जाड भिंतीत अडकलेल्या पाण्याची वाफ, जिचे आकारमान पाण्याच्या हजारपटींहून अधिक असते. १०० अंश सेल्सिअसचा टप्पा भट्टीने रेंगाळत पार करावा तो याचसाठी. पुढे साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेले पाणी निघून जाते आणि त्यानंतर ती पुन्हा कधी चिखल होत नाही.

हातघडणीवर घेतला जाणारा गंभीर आक्षेप असा, की जे कोणालाही पहिल्या दिवशी जमते त्यात कौशल्य कसले? यात सुरुवातीची सोय आणि शेवटची उंची यांची गल्लत आहे. पहिला वाडगा सोपा असतो. पण सारख्या जाडीची कंबरभर उंचीची घागर वळ्यांनी उभारणे, खालची माती वरचा भार पेलण्याइतकी आवळली की नाही हे ओळखून रोज ठरावीकच उंची चढवणे, याला वर्षे लागतात. दुसरा आक्षेप वेगाचा, आणि तो मान्य केला पाहिजे. दिवाळीआधी हजारोंनी पणत्या काढायच्या तर चाकाला किंवा साच्याला पर्याय नाही. एका मापाची गोल, पातळ भांडी झपाट्याने हवी असतील तिथे चाकच श्रेष्ठ. मात्र घरासाठी चार वस्तू करू पाहणाऱ्याच्या बाबतीत वेग ही कसोटी गैरलागू आहे. चौकोनी थाळी, लंबगोल कुंडी, भिंतीवरचे फलक या गोष्टी तर चाक देतच नाही. राजस्थानातील मोलेलाचे देवांचे फलक हातानेच घडवतात.

तिसरा आक्षेप कार्यशाळांवर आहे आणि त्यात तथ्य आहे. दोन-तीन तासांत माणूस माती हाताळतो, वस्तू ठेवून जातो आणि काही आठवड्यांनी झिलई होऊन आलेला कप घेऊन जातो. मधली वाळवण आणि भाजणी त्याला दिसतच नाही. अशाने अर्धीच विद्या मिळते. दोष पद्धतीचा नाही, आखणीचा आहे. निदान एक कच्ची वस्तू मुद्दाम घाईने वाळवून तिचे काय होते हे दाखवले तरी पुष्कळ साधते. आरोग्याच्या बाबतीत हयगय तर मुळीच नको. वाळलेली माती घासताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसांना घातक आहे, म्हणून जागा झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. जेवणाच्या भांड्यांना शिशाची झिलई चालत नाही. शिकू इच्छिणाऱ्याने कार्यशाळा निवडताना तिथे चाके किती आहेत हे विचारत बसू नये. भट्टी कुठे आहे, भाजणी किती तापमानाला होते, झिलईत शिसे नाही ना आणि भट्टी उघडताना हजर राहता येईल का, हे आधी विचारावे.