कंपायलर-अद्ययावतीकरण (मुक्त ऑपरेटिंग सिस्टीममधील)

मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या सोर्स कोडमध्ये असलेल्या कंपायलरच्या जागी त्याची नवी आवृत्ती किंवा दुसराच कंपायलर आणण्याचे काम. सी, सी++ अशा भाषांत लिहिलेल्या प्रोग्रामचे प्रोसेसरच्या यंत्रभाषेत रूपांतर करतो तो कंपायलर. नेटबीएसडी, फ्रीबीएसडी या प्रणाली तो कर्नलच्या शेजारीच, एकाच सोर्स ट्रीमध्ये सांभाळतात. त्यामुळे तो बदलला की कर्नलपासून लहानसहान आज्ञांपर्यंत सारे पुन्हा बांधून तपासावे लागते.

आधी जुन्या कंपायलरने नवा बांधायचा, मग नव्याने संपूर्ण प्रणाली, आणि त्या प्रणालीचा भाग म्हणून पुन्हा तोच कंपायलर. नवी आवृत्ती सहसा अधिक काटेकोर असते. वर्षानुवर्षे खपून गेलेल्या चुका ती उघड्या पाडते. नेटबीएसडी अनेक जातींच्या प्रोसेसरांवर चालते आणि ते सारे एकाच दिवशी तयार होत नाहीत. म्हणून तेथे जीसीसी या कंपायलरच्या नव्या आवृत्तीबरोबर जुनीही वेगळ्या डिरेक्टरीत काही काळ ठेवतात. चाचणी पार पडेल तसा एकेक प्रोसेसर नव्या आवृत्तीकडे वळतो.

कधी अडसर परवान्याचा असतो. जून २००७ मध्ये जीसीसीच्या जीपीएल या परवान्याची तिसरी आवृत्ती आली; ती नको असल्याने फ्रीबीएसडी जीसीसी ४.२.१ वरच थांबली. जानेवारी २०१४ च्या फ्रीबीएसडी १०.० मध्ये इंटेल व एएमडी प्रोसेसरांसाठी क्लँग हा डीफॉल्ट कंपायलर झाला. जुना जीसीसी सोर्स ट्रीमधून निघाला तो २०२० मध्ये.

लिनक्स कर्नल कंपायलर सोबत ठेवत नाही, किमान आवृत्ती ठरवून देतो. २०२२ च्या ५.१८ आवृत्तीत त्याने सी भाषेचे १९८९ चे मानक सोडून २०११ चे स्वीकारले.

महाराष्ट्रात या क्षेत्रात भरीव काम झाले आहे. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभे राहिले. जीसीसीची अंतर्गत रचना उलगडून सांगणाऱ्या त्याच्या कार्यशाळा गाजल्या. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील हिंजवडीत केपीआयटी कमिन्स कंपनीच्या अभियंत्यांनी रेनेसासच्या एसएच व एच८ प्रोसेसरांसाठी जीएनयू साधने तयार ठेवली. नॅशनल सेमिकंडक्टरच्या सीआर१६ प्रोसेसरसाठी या कंपनीने दिलेला पोर्ट, म्हणजे त्या प्रोसेसरसाठीचा जीसीसीचा भाग, २०१२ मध्ये थेट जीसीसीच्या मूळ सोर्स कोडमध्ये दाखल झाला. जगभर वापरल्या जाणाऱ्या कंपायलरमध्ये मुळशीतून गेलेली ही भर अभिमानाने नोंदवावी अशी आहे.

मात्र पोर्ट एकदा लिहून भागत नाही. प्रोसेसरमधील फ्लॅग दर्शवण्याची ‘सीसी०’ ही जुनी पद्धत जीसीसीने काढून टाकायची ठरवली, तेव्हा ती वापरणारा प्रत्येक पोर्ट नव्याने घडवणे भाग पडले. एच८चे रूपांतर झाले. सत्तरच्या दशकातल्या व्हॅक्सचेही झाले, आणि नेटबीएसडीच्या व्हॅक्स आवृत्तीला पुढच्या जीसीसीकडे जाण्याची वाट मोकळी राहिली. सीआर१६चे रूपांतर कोणी केले नाही. २०२१ च्या जीसीसी ११ ने तो कालबाह्य ठरवला आणि २०२३ च्या जीसीसी १३ मधून तो वगळण्यात आला.